चमच्यांच्या कप्प्यातले पाकीट

नौपाडा, ठाणे
आषाढ, बुधवारची रात्र

आई झोपली आहे. संध्याकाळपासून पाऊस थांबलेला नाही, मागच्या शेडच्या पत्र्यावर तो एकसारखा वाजतो आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी स्टीलचा एक डबा समोर ठेवून बसले आहे. मे महिन्यापासून जे मनात घोळते आहे ते आज लिहून काढल्याशिवाय झोप लागेल असे वाटत नाही.

घडले ते अगदी लहान आहे. घोडबंदर रोडला राहणारी माझी बालमैत्रीण आणि तिचे यजमान आमच्याकडे आठ दिवस राहून परत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नेदरलँड्समधल्या आमच्या आम्स्तेलफेनच्या घरी, मी चमच्यांचा कप्पा उघडला तेव्हा काट्यांच्या खाली एक पाकीट सापडले. लग्नामुंजीत देतात तसे, पिवळ्या जाड कागदाचे, वर लाल शाईतला गणपती आणि कोपऱ्यात चिकटवलेले एक रुपयाचे नाणे. आत पन्नास युरोच्या चार नारिंगी नोटा होत्या. चिठ्ठी नव्हती. हातात देऊ केले असते तर मी घेतले नसते हे मैत्रिणीला पक्के ठाऊक होते, म्हणून विमान सुटल्यावरच ते मला सापडावे अशी जागा तिने शोधली होती.

दोनशे युरो आणि एक रुपया. त्या क्षणी जे मनात आले ते मी नवऱ्यालाही पुरते सांगितले नाही. मला वाटले, हिने आपल्याला राहिल्याचे पैसे दिले.

मग माझे मन जे सुरू झाले ते थांबेना. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याचे येणे विमानतळावर सुरू होत नाही, त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. व्हिसासाठी लागणाऱ्या आमंत्रणाच्या अर्जावरील सही नगरपालिकेत साक्षांकित करून घ्यावी लागते, त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागते आणि कचेरीतून दोन तासांची रजा काढावी लागते. कॉयकेनहोफची ट्यूलिपची बाग वर्षातून सुमारे आठ आठवडेच उघडी असते, त्यामुळे ठाण्या-डोंबिवलीहून येणारी सगळी मंडळी त्याच आठ आठवड्यांत येतात. नऊ वर्षांत मी ती बाग अकरा वेळा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी ती पहिल्यांदा पाहत असल्यासारखा चेहरा केला आहे, कारण सोबतचे माणूस ती खरोखरच पहिल्यांदा पाहत असते आणि त्याचा आनंद कमी होऊ नये असे मला मनापासून वाटते. दिवसभर पाव खाऊन कंटाळलेल्या पाहुण्यांसाठी कचेरीतून आल्यावर कणीक मळायची, त्या ओल्या हवेत चादरी घरातल्याच दोरीवर दोन-दोन दिवस वाळवायच्या, त्यांच्या घड्या घालायच्या आणि पुढच्या आठवड्यात त्याच घड्या मोडायच्या. हे सगळे मी आनंदाने केले आणि कधीही कुणाला बोलून दाखवले नाही.

निदान टेसलच्या त्या रात्रीपर्यंत माझी तशी समजूत होती.

तीन दिवस आम्ही चौघे टेसल बेटावर होतो. आमच्या घरापासून देन हेल्डरचा धक्का मोटारीने दीड तासावर आहे आणि तिथून फेरीबोट वीसेक मिनिटांत पलीकडे नेते. ही बोट चालवणारी टेसो कंपनी बेटावरच्या लोकांनीच १९०७ मध्ये भाग विकत घेऊन उभी केली, हे मी तिला दर पाहुण्याला सांगते तसेच सांगितले. मागच्या डेकवर वारा असा होता की ओढणी दोन्ही हातांनी धरावी लागत होती, समुद्रपक्षी बोटीच्या वेगाने आमच्या बरोबर उडत होते, आणि तिला शाळेच्या सहलीतली घारापुरीची लाँच आठवली. ती म्हणाली, "बेटावर जायला आपण एवढे पैसे मोजतो, आणि आपण दोघी तर जन्मलोच बेटावर." मला क्षणभर उमगले नाही. मग तिने साष्टीचे, म्हणजे ठाणे ज्यावर वसले आहे त्या बेटाचे, नाव घेतले. पूर्वेला ठाण्याची खाडी, वर उल्हास नदी आणि वसईची खाडी, १८५४ मध्ये रेल्वेने कल्याण गाठले तेही खाडीवर पूल बांधूनच. कोपिनेश्वराच्या घंटा ऐकत वाढलेल्या आम्हाला आपण पाण्याने वेढलेलो आहोत असे कधी जाणवलेच नव्हते.

परतीच्या तिकिटाचे काय, असे तिने विचारले. मी सांगितले की पैसे देन हेल्डरलाच, जातानाच घेतात, येताना बेटावर कुणी तिकीट विचारत नाही. "म्हणजे परत येणं फुकट," ती म्हणाली. आईच्या गुडघ्यांकडे पाहताना हे वाक्य मला गेल्या तीन आठवड्यांत बरेचदा आठवले आहे, पण तो विषय आज नको.

टेसलला कोकरांचे दिवस होते. तिथल्या मेंढ्यांसाठी बांधलेली जुनी कोठारे अर्धी कापल्यासारखी दिसतात, एका बाजूला उभी भिंत आणि दुसऱ्या बाजूला, जिकडून वारा येतो त्या नैर्ऋत्येकडे, जमिनीपर्यंत उतरत आलेले छप्पर. तिच्या यजमानांनी त्यांचे इतके फोटो काढले की आम्हाला सायकली घेऊन पुढे जाऊन थांबावे लागले. रात्री नऊ वाजताही उजेड होता. आम्ही भाड्याने घेतलेले घर लाकडी होते, कुरणाच्या कडेला, दोन खोल्या आणि मध्ये स्वयंपाकाचा ओटा. ती दोघे झोपायला गेल्यावर मी आणि नवरा भांडी विसळत होतो, आणि तेव्हा मी बोलले.

मी म्हणाले, "मेच्या सुटीत या घरांचे दर किती चढतात ते पाहिलंस का? यंदाची ही चौथी मंडळी. किती दिवस पुरवायचं आपण हे?"

आवाज खाली होता. नवऱ्याने उत्तर दिले नाही, नुसते शेजारच्या भिंतीकडे पाहिले. फळ्यांची भिंत. आतून कसलाही आवाज येत नव्हता, आणि गाढ झोपलेल्या माणसांच्या खोलीतून निदान श्वासाचा तरी आवाज येतो.

सकाळी ती रोजच्यासारखीच होती. तिने सर्वांसाठी पोहे केले. मग माझ्या फोनवर शेजारणीची टिकी, म्हणजे पैशांची मागणी, आली. आम्ही नसताना झाडांना पाणी घालायला ती येत होती आणि सुकलेल्या एका कुंडीसाठी तिने मातीची पिशवी आणली होती, त्याचे पावणेचार युरो. मी तिथल्या तिथे पाठवले आणि मैत्रिणीला समजावून सांगितले की २०१६ पासून इथे हे ॲप आहे, कॉफीचेसुद्धा पैसे लोक असे मागतात, टीटीएमएमच म्हण, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. ती पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. म्हणाली, "बरं आहे की, कुणाच्या मनात काही राहत नाही."

हे वाक्य मी किती प्रकारे ऐकले असेन. सरळ अर्थाने ऐकले, टोमणा म्हणून ऐकले, माझी कीव करणारे म्हणून ऐकले. पाकीट सापडल्यावर तर ते एकाच प्रकारे ऐकू येऊ लागले. तिने ऐकले होते, आणि पावणेचार युरोंची मागणी पाहून इथे कसे वागायचे असते तेही ती शिकली होती. म्हणजे ते पाकीट मी मागून घेतले होते. चौथीपासून एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीकडून मी पैसे मागून घेतले होते, शब्दांनी नव्हे, भिंतीआडून.

मे गेला, जून गेला. फोनवर आम्ही पावसाबद्दल बोललो, तिच्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाबद्दल बोललो. पाकिटाचे नाव तिने काढले नाही आणि मीही काढले नाही. ठाण्याला येताना मात्र ते पासपोर्टबरोबर ठेवले.

काल ते आईला दाखवले. आईने चष्मा लावून नाणे पाहिले आणि म्हणाली, "यात काय एवढं? जाताना पाहुणे खाऊला ठेवतातच." खरे आहे ते. याच घरात, याच दोन खोल्यांत, रत्नागिरीहून दवाखान्यासाठी आलेली माणसे महिना-महिना राहत आणि निघताना माझ्या मुठीत दहाची नोट कोंबत. आई "कशाला, कशाला" म्हणे आणि नोट माझ्या मुठीतच राही. त्यांनी भाडे दिले असे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. आईचे बोलून झाले आणि मग तिच्याही लक्षात आले असावे की आमच्या घरी खाऊचे पैसे ज्याच्या हातावर ठेवावेत असे कुणी नाही. ती गप्प झाली आणि दूध तापवायला उठली. त्या बिचारीने तरी ते चमच्यांच्या कप्प्याखेरीज कुठे ठेवायचे होते?

आज दुपारी तिच्याकडे गेले. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडवर रिक्षा पाऊण तास अडकली आणि त्या पाऊण तासात मी बोलायची चार वाक्ये पाठ केली. तिच्या गॅलरीतून येऊरचे डोंगर ढगांत अर्धे बुडालेले दिसत होते. तिच्या सासूबाई दिवाणखान्यात वाती वळत बसल्या होत्या आणि घरभर तळणीचा वास होता. आषाढ तळायचा म्हणून ती कापण्या करत होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेची जाडसर पोळी, वर खसखस लाटून बसवलेली, आणि सुरीने तिरप्या चौकोनांत कापलेली. मी ओट्याशी उभी राहिले, पर्स उघडली आणि पाकीट बाहेर काढले. पाठ केलेली चारही वाक्ये विसरले.

तिने पाकिटाकडे पाहिले, गॅस मंद केला, आणि एक्झॉस्ट पंखा लावला. त्याच्या घरघरीत ती म्हणाली, "आता बोल. बाहेर ऐकू जात नाही."

म्हणजे मला विचारावे लागलेच नाही. तिने ऐकले होते. शब्द न् शब्द.

पाकीट इथूनच नेलेले होते, तिने सांगितले. आम्ही घर घेतले तेव्हा वास्तुशांतीला कुणालाच येता आले नव्हते, म्हणून सासूबाईंनी आहेर भरून दिला होता. नाणे त्यांनीच चिकटवले होते. आत दोन नोटा होत्या. "त्या रात्रीनंतर दोन मी घातल्या," ती म्हणाली. "रागाने नाही गं. तू दमली होतीस ते दिसत होतं, आणि मला तिथे काही करता येत नव्हतं. दूध आणायला जायचं तरी कार्ड तुझं, भाषा तुझी. पोहे तेवढे करू शकत होते." कढईतल्या कापण्या ती बोलता बोलता उलटत होती. "मला लाज वाटली. तुझी नाही, माझीच. आठ दिवसांत एकदाही विचारलं नाही तुला, की किती खर्च आला."

मला रडू आले आणि मी ते आवरले नाही. गेले दोन महिने मी माझ्या अपमानाचा नाहीतर माझ्या अपराधाचा विचार करत होते. भिंतीच्या पलीकडे ती जागी पडली होती, सकाळी उठून सर्वांआधी ओट्याशी उभी राहणार होती, याचा विचार मी एकदाही केला नव्हता. झाले ते बोलणे मागे घेता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. मी दमलेच होते. ते खोटे नव्हते.

पाकिटातल्या दोन नोटा काढून मी तिच्यापुढे धरल्या. "या तुझ्या," म्हणाले. ती आग्रह करील, हात मागे सारील, मग मी पुन्हा पुढे करीन, असे मला वाटले होते. तिने पिठाचे हात पदराला पुसले, नोटा घेतल्या आणि फडताळात हिंगाच्या डबीखाली सरकवल्या. "असू दे" म्हणाली नाही. क्षणभर मला ते लागले, आणि तिने डबी पुन्हा जागेवर ठेवेपर्यंत छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले. सासूबाईंच्या दोन नोटा आणि त्यांचा रुपया पाकिटात तसाच राहिला. बाहेर येऊन मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी विचारले, घर हवेशीर आहे ना.

निघताना तिने कापण्यांचा डबा हातात दिला. तोच आता समोर आहे. झाकणावर सासूबाईंच्या माहेरच्या कुणीतरी घातलेले नाव आहे, घासून घासून अर्धी अक्षरे गेली आहेत. मी चार कापण्या खाल्ल्या. कडेने खुसखुशीत आहेत आणि मध्ये किंचित मऊ, शाळेच्या डब्यात असायच्या तशाच.

शनिवारी आमचे विमान आहे, म्हणजे डबा शुक्रवारी पोचवायला हवा, आणि रिकामा डबा पोचवायचा नसतो. निजण्याआधी आईने डबा हातात घेऊन किती मोठा आहे ते पाहिले आणि सकाळी जांभळी नाक्यावरून अळूची पाने आणायला सांगितली आहेत. वडीची हवीत, काळ्या देठांची, आणि फाटलेली नकोत.