तुम्ही विचारलंत म्हणून: वेट आणि कार्डिओ एका आठवड्यात कसं बसवायचं?

‘मसल वाढवायचाय, पण कार्डिओही सोडायचं नाही. आठवडा कसा लावू?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी छातीचा दिवस बहुधा आधीच ठरवलेला असतो. सुरुवात पायांपासून करा. धावणं असो की सायकल, भार पायांवरच येतो. तेव्हा पायांचे दोन दिवस आधी पक्के करायचे आणि कार्डिओ त्यांच्यापासून लांब ठेवायचं.

सोमवार-गुरुवार वरचं शरीर, मंगळवार-शुक्रवार पाय. बुधवारी ३० ते ४० मिनिटं हलकं कार्डिओ, म्हणजे पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल इतक्याच वेगाने. इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असं आलटून-पालटून कार्डिओ) करायचेच असतील तर शनिवारी, कारण पुढचा लेग डे थेट मंगळवारी येतो. रविवारी सुट्टी. अगदी नवखे असाल तर हे सगळं बाजूला ठेवा; आठवड्यातून तीनदा पूर्ण शरीराचा व्यायाम पुरतो.

मंगळवारी स्क्वॉटचे ४ सेट, प्रत्येकात ६ ते ८ रेप्स (रेप म्हणजे एक पूर्ण हालचाल, सेट म्हणजे सलग केलेल्या रेप्सचा गट); मग लेग प्रेस ३, लेग कर्ल ३, पोटऱ्या ४. शुक्रवारी रोमानियन डेडलिफ्ट ४, लंजेस ३, लेग एक्स्टेन्शन ३ आणि पुन्हा पोटऱ्या. सोमवारी बेंच प्रेस आणि रोइंगचे (वजन अंगाकडे ओढण्याचे) चार-चार, शोल्डर प्रेस आणि लॅट पुलडाउनचे तीन-तीन सेट. गुरुवारी त्याच स्नायूंना दुसऱ्या कोनातून: इन्क्लाइन डंबेल प्रेस, पुल-अप, फ्लाय. हातांचे दोन-तीन सेट दोन्ही दिवशी शेवटी. मोठ्या स्नायूंना आठवड्याला १० ते २० सेट हवेत. सुरुवात दहाच्या आसपास करा. तेवढे सगळे एकाच दिवशी उरकले, तर शेवटच्या सेटना वजन उतरवावं लागतं आणि त्यातून थकव्याशिवाय फारसं काही हाती लागत नाही.

सेट कुठे थांबवायचा? आणखी एक-दोन रेप्स निघाल्या असत्या, तिथे. मोठ्या व्यायामांत दोन सेटच्या मध्ये २ ते ३ मिनिटं थांबा. मिनिटभरातच पुन्हा बार उचलणाऱ्यांचा दम आधी संपतो, स्नायू नंतर. ८ ते १० रेप्स ठरवलेल्या व्यायामात सगळ्या सेटना १० आल्या की वजन सर्वांत लहान टप्प्याने वाढवायचं. वही ठेवा, आठवणीवर विसंबू नका.

कार्डिओने मसल जळतो ही भीती अवाजवी आहे, पण अगदीच निराधार नाही. १९८० साली संशोधक रॉबर्ट हिक्सन यांनी एका प्रयोगात आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमाचा असा दोन्ही व्यायाम करून घेतला, तेव्हा दहा आठवड्यांच्या अखेरीस पायांची वाढलेली ताकद घसरू लागली होती. एवढा मारा आपण करत नाही. दोन-तीन वेळचं मध्यम कार्डिओ खपून जातं. एकाच दिवशी दोन्ही करायचं असेल तर वेट आधी. सकाळ-संध्याकाळ विभागता आलं तर उत्तम. धावण्यापेक्षा सायकल बरी, पाऊल आपटत नसल्याने पाय कमी दुखतात.

वेळापत्रक बिघडतं ते सोमवारी रात्री जोरात धावल्यामुळे. मंगळवारी स्क्वॉटच्या दोन रेप्स कमी निघतात आणि दोष प्रोटीनला दिला जातो. प्रोटीन दर किलो वजनामागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास जात असेल, तर आधी धावण्याचा वार बदलून पाहा. सहा-आठ आठवड्यांनी सगळ्याच व्यायामांचे आकडे एकदम अडकले, तर आठवडाभर सेट निम्मे करा. वजन साधारण तेच ठेवा.