रिकामी फोल्डरं

सोमवारी सकाळी पावणेदहाला अकाउंट्समधल्या मॅडमचा फोन आला. "अहो, माझं ताळेबंदाचं फोल्डर दिसत नाहीये. शुक्रवारी दुपारपर्यंत होतं." आवाजात काळजी नव्हती. बॅकअप रोज होतो हे त्यांना ठाऊक होतं, मीच ते दहा वेळा सांगितलेलं. "दहा मिनिटं द्या मॅडम," म्हणालो आणि रिस्टोरची विंडो उघडली.

डी ड्राइव्ह, शेअर्स, अकाउंट्स, ताळेबंद. फोल्डर होतं. आत बारा महिन्यांची बारा उपफोल्डरं शिस्तीत ओळीने. एप्रिल उघडलं, रिकामं. मे, रिकामं. जून उघडायच्या आधीच पोटात गोळा आला होता. तारीख बदलून आदल्या आठवड्याचा बॅकअप उघडला, त्याच्या आदल्याचा उघडला. सगळीकडे तेच: घर आहे, खोल्या आहेत, सामान नाही.

बॅकअप जॉबचा, म्हणजे रोज रात्री आपोआप चालणाऱ्या कामाचा, इतिहास मात्र हिरवागार. रोज रात्री 'यशस्वी', एरर शून्य, वॉर्निंग शून्य. रोज सकाळी चहा घेताना मी हाच हिरवा रंग बघून पुढच्या कामाला लागायचो.

पहिला संशय परवानग्यांवर गेला. बॅकअपच्या खात्याला ती फोल्डरं वाचताच येत नसतील तर? पण मग लॉगमध्ये 'ॲक्सेस डिनाइड'ची रांग लागायला हवी होती. उघड्या फाइली म्हणाव्यात, तर रात्री दोन वाजता हजारो फाइली कोण उघडून बसणार? वगळायची यादी तपासली, त्यात फक्त टेम्प फाइली. या सगळ्यात एक तास गेला. मॅडमचा दुसरा फोन आला, तो मी घेतला नाही.

शेवटी साधा प्रयोग केला. शेअर्स फोल्डरच्या आत 'आत' नावाची एक टेक्स्ट फाइल ठेवली आणि त्याच ड्राइव्हवर, पण शेअर्सच्या बाहेर, 'बाहेर' नावाची दुसरी. तेवढ्याच दोन जागांचा छोटा जॉब चालवला. 'बाहेर' आली. 'आत' आली नाही. जॉब हिरवा.

मग आकारांचा रकाना बघितला, जो मी कधीच बघत नसे. फेब्रुवारीपर्यंत दर शनिवारचा फुल बॅकअप आठशे जीबीच्या पुढे. त्यानंतरचा पहिलाच शनिवार शंभरच्याही खाली, आणि तिथून पुढे चार महिने तसाच. त्या आठवड्यात काय झालं होतं, हे आठवायला कॅलेंडर लागलं नाही. दुसऱ्या ऑफिसातल्या सर्व्हरशी डीएफएस रेप्लिकेशन, म्हणजे दोन सर्व्हरवरची फोल्डरं आपोआप सारखी ठेवणारी विंडोजची सोय, मीच चालू केलं होतं. दोन्हीकडे तोच डेटा, मग बॅकअप एकाचाच पुरे, हा शहाणपणाही माझाच.

कमांड प्रॉम्प्टवर 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' दिलं. व्हीएसएस ही बॅकअपसाठी चालू फाइलींची प्रत घेणारी विंडोजची सोय, आणि रायटर म्हणजे त्यात आपापल्या फाइली सांभाळणारा प्रोग्रॅमचा भाग. यादीत 'डीएफएस रेप्लिकेशन सर्व्हिस रायटर' दिसला. स्थिती स्टेबल, शेवटची एरर: काही नाही. गुन्हेगार म्हणावा तर हा, पण त्याचाही गुन्हा नव्हता. रेप्लिकेशन चालू झालं की हा रायटर त्या फोल्डरांवर आपला हक्क सांगतो. या फाइली माझ्या, घ्यायच्या तर माझ्यामार्फत घ्या. आमचं बॅकअप सॉफ्टवेअर हे ऐकतं आणि ड्राइव्हच्या वाटेने जाताना तेवढ्या फाइली सोडून देतं. त्या मिळतात बॅकअपमध्ये काय घ्यायचं ते टिक करायच्या यादीत अगदी खाली, 'शॅडो कॉपी कंपोनंट्स'मधल्या 'युजर डेटा'खाली. तिथली टिक मी जॉब बनवताना काढलेली, कारण तेव्हा तिथे आमच्या कामाचं काहीच नव्हतं. सॉफ्टवेअरने नियम पाळला यावर माझं म्हणणं नाही. पण सातशे जीबी एका रात्रीत गळतात आणि साधी पिवळी खूणही उमटत नाही, याचा राग मला अजून येतो.

कारण कळलं, पण मॅडमचं फोल्डर त्याने परत येणार नव्हतं. रेप्लिकेशनने आपलं काम चोख केलं होतं. इकडे डिलीट झालेलं तिकडेही काही क्षणांत डिलीट.

तिथेच एक धागा मिळाला. डिलीटचा निरोप ज्या सर्व्हरला पोचतो, तो फाइल लगेच पुसत नाही. लपवलेल्या 'डीएफएसआर प्रायव्हेट'मधल्या 'कॉन्फ्लिक्ट अँड डिलिटेड' फोल्डरात ती सरकवतो. मॅडमनी डिलीट केलं आमच्या सर्व्हरवर (शुक्रवारी संध्याकाळी जुन्या फाइली आवरताना हात एक पायरी वर गेला होता), म्हणजे माल असला तर दुसऱ्या सर्व्हरवर. तिथे लॉगिन केलं. होता! प्रत्येक फाइलच्या नावाला अक्षरं आणि आकड्यांची लांब शेपटी जोडलेली, पण कुठली फाइल मूळ कुठे होती ते शेजारच्या एक्सएमएल मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे यादीच्या फाइलीत, नोंदलेलं. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पासून पॉवरशेल या कमांड द्यायच्या साधनामध्ये हे मॅनिफेस्ट वाचून फाइली मूळ नावाने काढून देणारी कमांड आहे. मी त्या वेगळ्याच फोल्डरात काढल्या. चालू फोल्डरात थेट काही ओतलं की ते लगेच दोन्हीकडे पसरतं, आणि त्या दिवशी आणखी काही पसरवायची माझी हिंमत नव्हती.

ही पेटी फार मोठी नसते. ठरवून वाढवली नाही तर ४ जीबी, आणि ९० टक्के भरली की जुन्यातलं जुनं पुसत ६० टक्क्यांपर्यंत खाली येते. त्याच शुक्रवारी रात्री कोणीतरी स्कॅनचा मोठा गठ्ठा उडवला होता, त्यामुळे मॅडमच्या काही फाइली आधीच पुसल्या गेलेल्या. त्यातल्या जुन्या फेब्रुवारीच्या टेपवर सापडल्या. नंतरच्या काही मॅडमनी पाठवलेल्या ईमेलांमधून काढल्या. एक शीट कुठेच मिळाली नाही.

संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी जाऊन जे घडलं ते सांगितलं, माझी टिक काढलेली धरून. त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे चार महिने बॅकअप नव्हताच?"

"नव्हता."

त्या शीटचा प्रिंट त्यांच्या फाइलीत होता. दोन दिवस बसून त्यांनी ती पुन्हा टाइप केली. मी त्या रात्री टिक लावून फुल बॅकअप सोडला, सकाळी आधी आकार बघितला आणि 'आत' फाइल रिस्टोर करून उघडून पाहिली. ती फाइल अजून तिथेच आहे, दर महिन्याला तिची पाळी येते.

मॅडमच्या खणात आता एक पेनड्राइव्ह असतो. ऑफिसात पेनड्राइव्ह लावायचे नाहीत हा नियम माझाच आहे. तो खण उघडा दिसला की मी दुसरीकडे बघतो.