बॉल पायथनचं पिल्लू आणण्याआधी पेटी आठ दिवस रिकामी चालवा

पहिल्यांदा साप पाळणारे बहुतेक जण पिल्लू आधी आणतात आणि पेटीची जुळवाजुळव मागाहून करतात. मग तापमान बसेपर्यंत पिल्लू गारठतं, नाहीतर भाजतं, आणि खायचं बंद करतं. म्हणून पेटी आधी.

त्याच्याही आधी कायदा. आपल्याकडे उसाच्या फडात सापडतो तो भारतीय अजगर. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे आणि तो घरात ठेवणं गुन्हा आहे. दिसला तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा, हात लावायचा नाही. बॉल पायथन हा आफ्रिकेतला साप. तो पाळता येतो, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते, आणि ती साप ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. विकणारा कागदपत्रं द्यायला टाळाटाळ करत असेल तर त्याच्याकडून घेऊच नका.

पिल्लू जेमतेम फूट-सव्वा फुटाचं, ५०-८० ग्रॅमचं असतं. त्याला ६० सेंटीमीटर लांब, ४० रुंद आणि ३० उंच असा क्लिपच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा टब पेटी म्हणून पुरतो. भांड्यांच्या दुकानात मिळतो. काचेच्या टाकीपेक्षा टब बरा, कारण त्यात ओल टिकते आणि अपारदर्शक बाजूंमुळे पिल्लू बुजत नाही. दोन्ही अरुंद बाजूंना वरच्या भागात सोल्डरिंग आयर्नने ४-५ मिलिमीटरची भोकं पाडा. आयर्न आतून बाहेर घाला, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकची धारदार कड बाहेर राहते. हे काम अंगणात करा आणि वास जाईपर्यंत टब उघडा ठेवा. जिथून डोकं जातं तिथून अख्खं पिल्लू जातं, त्यामुळे क्लिप कितीही घट्ट असल्या तरी झाकणावरून एक पट्टा आवळाच.

आता ऊब. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, टबाच्या बाहेर, तळाखाली, एका टोकाला आणि तळाचा एक तृतीयांश भाग झाकेल एवढीच लावायची. टबाच्या चार कोपऱ्यांखाली रबरी पाय चिकटवा. मॅटखाली हवा खेळली नाही तर उष्णता तिथेच कोंडते. ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय मॅट कधीही लावू नका. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मॅट आणि टबाचा तळ यांच्या मध्ये, बाहेरूनच पक्का करा. आत ठेवला तर पिल्लू तो हलवतं किंवा त्यावर पाणी सांडतं. मग थर्मोस्टॅटला वाटतं तळ थंडच आहे. मॅट चालूच राहते आणि पोटाची खवलं भाजतात. प्रोब बाहेर असला की त्याचा आकडा आतल्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त दिसतो. त्यामुळे आत वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवून उबदार टोकाचा तळ ३१-३२ अंशांवर येईल असं सेटिंग करा. हे मोजमाप टबात अंथरलेल्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) वर घेऊ नका, खाली तळाला घ्या, कारण पिल्लू उकरून तिथेच जाऊन बसतं. गार टोक २५ ते २७. टबात चिकटपट्टी अजिबात नको; ती अंगाला चिकटली तर काढताना कातडी सोलते.

साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १२-१३ वर येतो आणि मॅट हवा तापवत नाही, फक्त तळ तापवते. टब आतल्या खोलीत घ्या आणि तिन्ही बाजूंना बाहेरून थर्माकोल लावा, मॅटला मात्र टेकू देऊ नका. लहान मॅट १५-२० वॅटची असते, त्यामुळे लाइट गेली तरी घरचा इन्व्हर्टर ती रात्रभर सहज ओढतो. सांगलीचा उन्हाळा उलटा. पत्र्याच्या घरात मे महिन्यात खोलीच ३८ वर जाते, तिथे थर्मोस्टॅट फक्त मॅट बंद करू शकतो, गारवा देऊ शकत नाही. ३५ च्या पुढे जिवाला धोका आहे. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गार टोकाच्या झाकणावर ठेवा आणि टब तळमजल्यावर, उन्हापासून लांब हलवा.

खाली दोन-तीन सेंटीमीटर कोकोपीट पुरे. नर्सरीतून घेताना खत मिसळलेलं नको, आणि भिजवून दोनदा धुऊन मीठ काढून टाका. टबातल्या हवेची आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेवा, कात टाकायच्या वेळी डोळे दुधाळ झाले की ७०. उन्हाळ्यात कोपऱ्यातून कोकोपीटच्या तळाशी थोडं पाणी सोडा. पावसाळ्यात काहीच घालू नका, सतत ओल्या तळावर पोटाची खवलं कुजतात.

लपायला दोन जागा हव्यातच, एक उबदार टोकाला, एक गार टोकाला, दोन्ही एकसारख्या. वेगळ्या असल्या तर पिल्लू आवडती जागा निवडतं आणि ऊब हवी असतानाही गारच बसून राहतं. कुंभाराकडचं बोळकं काठाला दार पाडून उपडं घातलं की झालं. वेटोळं घातल्यावर अंग भिंतींना टेकायला हवं. पाण्याचं भांडं जड, न उलटणारं. उरलेल्या जागेत झाडाच्या साली आणि प्लॅस्टिकची पानं भरा, मोकळ्या मैदानात पिल्लू घाबरतं. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांचा खडू किंवा डासांचा फवारा त्या खोलीत नको, ही कीटकनाशकं सापालाही बाधतात.

एवढं झालं की आठ दिवस टब रिकामा चालू ठेवून सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री आकडे लिहा. आकडे टिकले तरच पिल्लू आणा. पहिला आठवडा हात लावू नका, मग वजनाच्या १० ते १५ टक्के एवढा उंदीर द्या: ६० ग्रॅमच्या पिल्लाला ६ ते ९ ग्रॅमचा, विकणारा देत होता त्याच प्रकारचा. खाल्ल्यावर ४८ तास हाताळू नका, नाहीतर ओकून टाकेल. नाकारला तर आधी तळाचं तापमान आणि लपायच्या जागा तपासा, आणि आठवडाभराने पुन्हा द्या.