आइसलँड, भूतान आणि सिमेंटचा एक रकाना

पदव्युत्तर प्रकल्पासाठी अगदी कमी उत्सर्जन करणाऱ्या दोन देशांच्या औद्योगिक हरितगृह वायूंची तुलना करायचे ठरले, तेव्हा आइसलँड आणि भूतान ही जोडी मला फार सोयीची वाटली. दोन्हीकडची वीज जवळजवळ पूर्णपणे नवीकरणीय आहे, भूतानची पाण्यापासून आणि आइसलँडची पाणी व भूगर्भातील उष्णता यांपासून. शिवाय दोघांनीही त्या विजेच्या बळावर धातूंच्या भट्ट्या उभारल्या आहेत. विषयाला मान्यता मिळवणे आणि दोन्ही देशांचे अधिकृत उत्सर्जन-अहवाल उतरवून घेणे यांत आठवडाही गेला नाही. पुढचे अडीच महिने मात्र एका रकान्यात गेले.

दोन्ही देश एकाच तक्त्यात सापडतात म्हणून मी एक तयार आंतरराष्ट्रीय आकडेवारी-संच घेतला आणि त्यातील ‘औद्योगिक प्रक्रिया’ या रकान्यावरून आलेख काढला. भूतानचा स्तंभ चांगला उंच आला आणि आइसलँडचा 2012 पासून जमिनीला टेकला. ज्या देशात स्ट्रॉइम्सविक येथे 1969 पासून, ग्रुन्डारटांगी येथे 1998 पासून आणि रेयदारफ्योर्दुर येथे 2007 पासून अॅल्युमिनियम तयार होते, तो शून्यावर कसा? आपलीच सूत्रे चुकली असतील असे समजून मी ती दोनदा तपासली आणि मग त्या संचाच्या मदतकक्षाला सविस्तर पत्र पाठवले. पाच आठवड्यांत दोन स्मरणपत्रे गेली. अखेर उत्तर आले, तेही एका ओळीचे: माहितीपुस्तिका पाहावी. पुस्तिका मी पाहिलीच होती, परंतु तिची एक तळटीप वाचली नव्हती, हे कबूल करताना आजही चिडचिड होते. त्या संचात ‘औद्योगिक प्रक्रिया’ म्हणजे केवळ सिमेंट होते. क्लिंकर (दळून ज्याचे सिमेंट होते तो भाजलेला पदार्थ) करताना चुनखडी तापवली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेवढाच तिथे मोजला होता. आइसलँडचा आक्रानेस येथील एकमेव सिमेंट कारखाना 2011 नंतर क्लिंकर करत नाही, तर भूतानात गोम्टू आणि नंगलाम येथे सिमेंट तयार होते. म्हणजे रकान्यातील आकडे बरोबर होते आणि त्यांवरून निघणारा निष्कर्ष साफ उलटा होता. वस्तुतः भूवापर (जमीन व जंगले यांचा हिशेब) वगळल्यास आइसलँडच्या एकूण उत्सर्जनात औद्योगिक प्रक्रियांचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास आहे. इतका मोठा फरक ज्या व्याख्येवर अवलंबून आहे, ती तळटीपेत का असावी, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

त्यामुळे असे काम हाती घेणाऱ्याने तयार संच बाजूला ठेवून दोन्ही देशांचे मूळ अहवालच घ्यावेत. आइसलँड दरवर्षी तपशीलवार तक्ते देतो. भूतानचे अहवाल अनेक वर्षांच्या अंतराने आलेले आहेत, त्यामुळे भूतानच्या वर्षांप्रमाणे आइसलँडची वर्षे निवडावी लागतात, उलटे करता येत नाही. रिकाम्या जागी शून्य तर मुळीच लिहू नये: ‘अंदाज केलेला नाही’, ‘अन्यत्र समाविष्ट’ आणि ‘असा उद्योगच नाही’ यांसाठी वेगवेगळी चिन्हे असतात.

फेरोसिलिकॉन, म्हणजे लोखंड व सिलिकॉन यांचा मिश्रधातू, दोन्ही देशांत तयार होते, भूतानात पासाखा येथे आणि आइसलँडमध्ये ग्रुन्डारटांगी येथे, म्हणून खरी तुलना मला तिथे सापडली. या भट्टीत कोळसा व कोक जातो तो इंधन म्हणून नव्हे, तर क्वार्ट्झमधील ऑक्सिजन काढून घेणारा क्षपणक म्हणून. 75 टक्के सिलिकॉन असलेल्या फेरोसिलिकॉनसाठी हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) 2006 च्या मार्गदर्शक सूचनांतील प्रमाणित गुणक टनामागे 4 टन कार्बन डायऑक्साइड असा आहे. हा गुणक लावून झाल्यावर तोच कोळसा अहवालाच्या ऊर्जा विभागातही मोजला, तर एकच कार्बन दोनदा धरला जातो.

अॅल्युमिनियमचे त्रांगडे वेगळे आहे. कार्बनचे धनाग्र (अॅनोड) झिजून टनामागे साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि भट्टीत अॅल्युमिना कमी पडला की टेट्राफ्लुओरोमिथेनसारखे वायू तयार होतात. या वायूचा एक टन जुन्या अहवालांत 6,500 टन कार्बन डायऑक्साइडइतका धरलेला आढळतो, नंतर 7,390 आणि त्यानंतर 6,630. कारखान्यात काहीही न बदलता आकडा बदललेला दिसला, तर प्रथम हा गुणक पाहावा.

सर्वांत समाधान देणारी गोष्ट मात्र एका जुन्या निर्णयात मिळाली. 2001 मध्ये मराकेश येथील हवामान परिषदेत क्योटो करारासाठी छोट्या अर्थव्यवस्थांतील एकेका मोठ्या प्रकल्पाच्या परिणामाबद्दल सवलत ठरली आणि तिच्यामुळे आइसलँडला 2008 ते 2012 या काळात वर्षाला 16 लाख टनांपर्यंतचा औद्योगिक कार्बन डायऑक्साइड आपल्या मर्यादेबाहेर, वेगळा दाखवता आला. भूतानने 2000 या वर्षासाठी कळवलेले देशाचे एकूण उत्सर्जन सुमारे 15 लाख 60 हजार टन होते. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर प्रकल्पाला पहिल्यांदा अर्थ आला असे मला वाटले.

हे खरे तर आरंभीच सांगायला हवे होते: अहवालांत आकडे गिगाग्रॅममध्ये असतात, आणि एक गिगाग्रॅम म्हणजे 1,000 टन. मूळ अहवालांवरून केलेल्या माझ्या पहिल्या तक्त्यात भूतान हजारपट लहान झाला होता, आणि ती चूक मला मदतकक्षाच्या नावावर घालता आली नाही.