मंग सकाळी कोन येईन?

बुधवार. लाइट साडेनऊला आली. तोवर मोबाईलच्या उजेडात भांडी घासली, आणि तेच तेच डोक्यात.

आज प्रार्थनेला मजुरांचा दाखला घेतला होता, बायबलातला, मत्तय २०. माझा हातखंडा. द्राक्षमळा इथे कोणी पाहिलेला नाही, म्हणून मी नेहमी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर करून सांगते. मालक पहाटे मजूर लावतो, रोजी ठरवतो एक दिनार. मग नऊला, बाराला, तीनला आणखी माणसं आणतो. शेवटची अकराव्या तासाला, म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. सहाला काम सुटतं आणि सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मालक म्हणजे देव, वावर म्हणजे त्याचं राज्य, दिनार म्हणजे कृपा. संपलं. आमेन म्हणायला तोंड उघडलं तर काकू म्हणाली,

"मंग दुसऱ्या दिवशी सकाळी कोन येईन वं ताई त्याच्या वावरात? सारेच पाच वाजता जातीन."

सगळ्या हसल्या. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाया, नखांच्या कडा बोंडांनी सोललेल्या. एक म्हणाली, वेचाले रोजी कायची? निंदनाले रोजी, वेचनी किलोनं. जिचा जेवढा कापूस तेवढा पैसा, भांडनच नाही. चूक माझीच, पऱ्हाटी मीच लावली. मग कोपऱ्यातून मावशी: "पह्यल्याईले आधी पैसे देऊन लावून द्याचं ना घरी. मांगच्याईले किती भेटले हे त्याईले दिसलंच नसतं."

मी पण हसले. पण घरी येताना घसा दाटून आला. चौदा वर्षं हे करतेय. पावसात, चिखलात, तापात. आणि नाताळचं नाटक यंदा तिच्याकडे, जी मागच्या पावसाळ्यात लग्न होऊन गावात आली. पाळकसाहेब म्हणाले, नव्यांना संधी द्यायला हवी. मी म्हटलं, हो हो, द्यायलाच हवी. घरच्यांना अजून सांगितलं नाही. जाऊ दे.

लाइट आल्यावर शास्त्र उघडलं, मावशीला चूक ठरवायलाच. आठवं वचन. मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात कर आणि पहिल्यांपर्यंत ये. हे मी कितीदा वाचलंय, आणि कितीदा वरून निघून गेले! मावशीनं एकदा ऐकलं आणि तिला तिथेच खटकलं. पहिल्यांना आधी चुकतं केलं असतं तर ते ठरलेली रोजी घेऊन खुशीत घरी गेले असते. गोष्टच झाली नसती. मालकानं त्यांना मुद्दाम शेवटी उभं केलं, दुसऱ्याच्या हातावर पडणारा पैसा बघायला.

आणि मग विचारतो, मी चांगला आहे म्हणून तुला खुपतं का? मूळ ग्रीकमध्ये 'तुझा डोळा वाईट आहे का' असं आहे. डोळाच. नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगतो, दावीद त्या श्रीमंतावर भडकतो, मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. हे मी पोरांना शिकवते. पोरांना.

शेजारचे गुरुजी महानुभाव पंथाचे, रिद्धपूरच्या वाऱ्या करणारे. त्यांच्या दृष्टांतपाठ या ग्रंथात ११४ दृष्टांत. चक्रधर स्वामींचं सूत्र, मग स्वामींचाच दृष्टांत, आणि त्याखाली ग्रंथ रचणाऱ्या केसोबासांनी उलगडून दिलेलं दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा अर्थ. ऐकणाऱ्याची सोय. आमच्याकडे पेरणाऱ्याचा अर्थ येशूनं स्वतः सांगितला, गव्हातल्या निदणाचा सांगितला, तोही शिष्यांनी विचारल्यावर. मजुरांचा नाही सांगितला. मालक प्रश्न विचारतो, मजूर काय बोलले ते लिहिलेलंच नाही. उधळ्या पोराच्या गोष्टीतही तसंच. थोरला भाऊ अंगणात रुसून उभा, बाप समजावतोय, तो आत गेला का, माहीत नाही. त्या रिकाम्या जागेत मी चौदा वर्षं दार्ष्टांतिक भरत आलेय. मालक म्हणजे देव, झालं, चला घरी.

बरं, माझी रोजी नेमकी किती ठरली होती? कोणी ठरवली होती? आठवत नाही. मला तर कोणी बोलावलंही नव्हतं, मीच जाऊन उभी राहिले होते.

काकूच्या प्रश्नाला उत्तर मात्र अजून नाही. पुढच्या बुधवारी विचारणार ती, सोडणारी नाही. सांगेन, मलाही माहीत नाही बापा.

दुपारी ती नवी येऊन गेली, नाटकाचं सामान मागायला. नंतर काढून ठेवते म्हटलं होतं. आत्ता पेटी ओढली. टॉवेल दिले, मागी लोकांचे, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचे, मुकुट दिले. चांदणीची एक कोर लोंबते आहे. डिंकानं नाही टिकत ती, दोऱ्यानं टाचावी लागते, सांगायला हवं तिला. घोंगडं आज नाही काढलं. एकच आहे, आणि माझ्या बाबांचं आहे.

बघू, शनिवारपर्यंत.