एकच दांडा, दोन मापांच्या कड्या

पावसाच्या तोंडावर विणायला घेतलेली चांदीची हातसाखळी गेल्या आठवड्यात मला निम्मी उसवावी लागली. वीण बायझंटाईन, म्हणजे कड्यांच्या जोड्या दुमडून गाठी बांधणारी, तार ९२५ शुद्धतेची (हजारात ९२५ भाग चांदी) व १ मिमी जाडीची, आणि गुंडाळण्यासाठी ३.५ मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा. या विणीला कडीचा आतला व्यास तारेच्या जाडीच्या साधारण साडेतीन पट असावा लागतो. तो फारच कमी असला तर शेवटची जोडी दुमडून आत बसत नाही आणि वाढला की गाठी ढिल्या पडतात, हे मला पाठ होते. तरीही साखळीचा एक अर्धा भाग बोटावर टाकला की दोरीसारखा भरीव वाकत असे, तर दुसरा ओल्या सुतासारखा लोंबत असे.

वेंगुर्ल्यात आमच्या घराजवळ वडिलोपार्जित धंदा करणारे एक सोनारकाका आहेत. त्यांनी ती साखळी दोन्ही टोकांना धरून एकदा हलवली आणि एवढेच विचारले, "ही तार तापवलंस काय तशीच गुंडाळलंस गो?"

चूक तिथेच होती. पहिली मीटरभर तार मी नरम केलेलीच विकत आणली होती. दुसरी मात्र घरी होती ती १.२ मिमीची तार जंतरीतून, म्हणजे भोकांच्या पोलादी पट्टीतून, ओढून १ मिमीवर आणली. एवढ्या ओढीत तारेचा छेद जवळजवळ एकतृतीयांशाने घटतो आणि चांदी चांगलीच कडक होते. त्या संध्याकाळी वीज गेली होती, म्हणून ती तापवून पुन्हा नरम करण्याचे काम मी टाळले. (वास्तविक तापवायला अंधारच बरा, कारण चांदीवर येणारी मंद लाली उजेडात दिसत नाही आणि तार हकनाक जास्त तापते.) कडक तार दांड्यावरून सोडवली की उसळून उलगडते, त्यामुळे एकाच दांड्यावर गुंडाळूनही दोन वेटोळ्यांची मापे वेगळी झाली. बंद केलेल्या कड्यांना व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेणारी मोजपट्टी, लावला, तेव्हा नरम तारेची कडी आतून ३.४७ मिमी आणि कडक तारेची ३.७ मिमी भरली. नरम कडीचे माप दांड्यापेक्षाही किंचित कमी येण्याचे कारण करवतीत आहे. वेटोळे कापून कड्या सुट्या करताना पाते सुमारे पाव मिलिमीटर चांदी खाते, कडी मिटली की तेवढा परीघ घटतो, आणि व्यास ०.०८ मिमीने आत येतो.

खरे तर शंका आधीच यायला हवी होती, कारण पहिल्या मीटरमधून ६७ कड्या निघाल्या आणि दुसऱ्यातून ६३च. त्या चार कड्या कापताना वाया गेल्या असाव्यात, असे मी मनाशी ठरवून टाकले.

उसवलेल्या कड्या तापवून पाहिल्या, तर त्या नरम झाल्या, पण माप तसूभरही बदलले नाही. गुंडाळण्यापूर्वी जे करायचे ते मागाहून करून भागत नाही. आता त्या ६३ कड्या मी चिलखतासारख्या, एका कडीत चार कड्या घेणाऱ्या विणीच्या पट्टीसाठी बाजूला ठेवल्या आहेत. त्या विणीला ३.७ चे माप छान मानवते. शंभर कड्यांना सुमारे साडेअकरा ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाचा जवळजवळ एक तोळा चांदी लागते, तेव्हा टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. करवतीखाली पडलेला कीसही मी कागदावर झाडून डबीत भरते.

कडी मिटण्याचे काम मात्र या खेपेस सुधारले आहे. दोन पकडींनी टोके आडवी सरकवून एकमेकांच्या किंचित पुढे न्यायची आणि मग परत आणायची, म्हणजे ती एकमेकांवर घासतात. ते घासणे बोटांना जाणवले की फट उरत नाही. तपासणीसाठी मी आईच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा ठेवला आहे. तो साखळीवरून ओढताना एखादा धागा जरी अडकला, तरी ती कडी पुन्हा पकडीत जाते.

समुद्राच्या वाऱ्याने चांदीपेक्षा हत्यारांचे हाल अधिक होतात. पकडींच्या जबड्यांवर रात्रीत तांबूस बुरशीसारखा गंज चढतो आणि तो घासताना उरलेले ओरखडे कड्यांवर उमटतात. खोबरेल लावून पाहिले, ते काही दिवसांनी चिकट झाले. आता शिवणयंत्राचे तेल वापरते. तयार कड्या मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि ताटात उकडलेले अंडे असले की तो डबा उघडतही नाही, कारण अंड्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते.

काल नवी तार ओढली, तापवली, लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यातून तांब्याच्या चिमट्याने काढली (लोखंडाचा चिमटा त्या पाण्यात गेला तर चांदीवर तांब्याचा तांबूस थर बसतो) आणि त्याच दांड्यावर गुंडाळली. ६८ कड्या निघाल्या. पहिल्या तिन्ही मिटून मोजल्या, ३.४८ मिमी. आज रात्री विणायला बसणार आहे. आकड्याजवळची शेवटची कडी तेवढी डाग देऊन, म्हणजे झाळून, बंद करायची आहे, आणि त्यासाठी टाकणखार आणायचा राहिला आहे.