तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांची पत्रं कशाला वाचता?

"इतकी पुस्तकं पडलीयत, आणि तुम्ही त्या अमेरिकन बायकांची खासगी पत्रं काय वाचत बसता?" हे मला नेहमी विचारलं जातं, आणि विचारणारे बहुतेक चांगले वाचक असतात. त्यांच्या प्रश्नात दोन प्रश्न असतात. त्यात असं आहे काय, हा एक. दुसरा जरा दबक्या आवाजातला: हे शोभतं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. एकोणिसाव्या शतकातली लेखिका कधी लिहायची, कुठे बसून, घरातलं काय बाजूला सारून, ते तिच्या छापील पुस्तकातून कळत नाही. पत्रातून कळतं. हॅरिएट बीचर स्टो हिने 1845 च्या जूनमध्ये सिनसिनाटीहून नवऱ्याला लिहिलेलं पत्र बघा. बाहेर पाऊस, चिखल. आंबलेलं दूध, आंबलेलं मांस, आंबलेलं सगळंच, या वासाचा तिला वीट आलाय. कपडे वाळत नाहीत, घरभर कुबट वास, पुन्हा कधी जेवूच नये असं वाटतंय. पदरी पोरं, आणि नवरा गावाला. याच बाईची 'अंकल टॉम्स केबिन' ही गुलामगिरीविरोधी कादंबरी 1852 मध्ये पुस्तकरूपाने आली. लिहायचं तर मला माझी स्वतःची खोली हवी, हेही तिने नवऱ्याला त्याआधीच पत्रातून सुनावलं होतं. कादंबरीतली स्टो उपदेश करते. पत्रातली स्टो वैतागते, आणि मला ती जास्त आवडते.

लुइझा मे अल्कॉटचंही तसंच. तिच्या 'लिटल विमेन' या कादंबरीतल्या जो या नायिकेने तरुण लॉरीला नाकारून त्या प्रौढ प्रोफेसरशी लग्न का केलं, यावर आजही वाद होतात. 1869 च्या एका पत्रात अल्कॉटनेच सांगून टाकलंय: जो खरं तर लेखिका म्हणून अविवाहितच राहायला हवी होती, पण तिचं लग्न लावा म्हणून इतक्या मुलींनी पत्रं लिहून धोशा लावला की नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मग मुद्दामच एक विचित्र जोडी जमवून दिली!

आता दुसरा प्रश्न. कवयित्री एमिली डिकिन्सन 1886 मध्ये गेली, तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे बहीण लव्हिनियाने तिला आलेली बहुतेक पत्रं जाळली. मात्र एमिलीने लिहिलेली पत्रं ज्याच्या त्याच्या घरी राहिली. त्यामुळे आज तिचा पत्रव्यवहार वाचणं म्हणजे शेजारच्या खोलीतून कुणाचं फोनवरचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. 1862 च्या एप्रिलमध्ये तिने थॉमस हिगिन्सन या अनोळखी लेखकाला चार कविता पाठवून विचारलं, माझी कविता जिवंत आहे का, हे सांगायला तुम्हाला सवड होईल? पत्राखाली सही नव्हती. नाव वेगळ्या कार्डावर लिहून ते आतल्या छोट्या पाकिटात घातलं होतं. इतकं जपून पाठवलेलं पत्र हिगिन्सनने ती गेल्यावर पाचच वर्षांत मासिकात छापलं. मला हे खटकतं. खटकतं आणि तरी वाचतो. याचं समर्थन माझ्याकडे नाही.

पण हॅरिएट जेकब्सच्या बाबतीत मला जराही संकोच वाटत नाही.

जेकब्स नॉर्थ कॅरोलायनातल्या ईडेंटनची, जन्माने गुलाम. मालकाच्या छळातून सुटण्यासाठी ती आजीच्या घरी छपराखालच्या एका पोकळीत लपली आणि जवळजवळ सात वर्षं तिथेच राहिली. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जिथे सगळ्यात उंच तिथे तीन फूट. तिथे बसून तिने पत्रांचा डाव टाकला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरून तिथल्या रस्त्यांची नावं टिपली, पुढची तारीख घातली, आणि एक पत्र मालकाला, एक आजीला लिहून कुणाकरवी न्यूयॉर्कच्या टपालात टाकवलं. मालक डॉक्टर आजीला पत्र वाचून दाखवायला आला. पण वाचलं ते आपल्या मनचं: मला घरी यायचंय, मला न्यायला या. आपलं पत्र कसं बदललंय ते जेकब्स त्याच घरात दाराआड ऐकत होती. ती उत्तरेत, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यांत पोचलीय, यावर डॉक्टरचा विश्वास बसला, एवढंच तिला हवं होतं.

1842 मध्ये ती खरोखरच उत्तरेत निसटली. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या एका लेखकाच्या घरी मुलं सांभाळताना तिने आपली कहाणी लिहायला घेतली. दिवसाउजेडी अजून एक पानही लिहिलेलं नाही, असं तिने एमी पोस्ट या मैत्रिणीला कळवलंय. त्याआधी, 1853 मध्ये, पोस्टबाईंमार्फत स्टोची मदत मागून झाली होती. स्टोने पोस्टबाईंचं ते पत्र, खरंखोटं करायला, जेकब्स जिची मुलं सांभाळायची त्या लेखकाच्या बायकोकडे धाडलं. पत्रात जेकब्सच्या खासगी आयुष्यातल्या अशा गोष्टी होत्या की ज्या तिने या बाईला सांगितलेल्याच नव्हत्या. कुबट घराला वैतागलेली ती स्टो मला आवडते म्हटलं ना? हे वाचल्यावर ते जरा हात राखूनच म्हणावं लागतं.

पुस्तक 1861 मध्ये निघालं. लेखिकेचं नाव टोपण, संपादन लिडिया मारिया चाइल्ड या नावाजलेल्या गोऱ्या लेखिकेचं. शीर्षकाखाली 'तिने स्वतः लिहिलेलं' असं छापलेलं असूनही विसाव्या शतकातल्या अनेक अभ्यासकांनी ते मानलं नाही. गुलाम बाईला असं कुठलं लिहिता येतंय, ही चाइल्डचीच कादंबरी असणार! जीन फेगन येलिन या अभ्यासिकेने रॉचेस्टरमधल्या पोस्ट कुटुंबाच्या कागदपत्रांतली जेकब्सची पत्रं पुस्तकाशी ताडून पाहिली, आणि 1987 ची तिची आवृत्ती जेकब्सच्या खऱ्या नावाने निघाली. चाइल्डने आपल्या मैत्रिणीला 1861 मध्येच लिहून ठेवलं होतं की मी काटछाट केली, क्रम लावला, पण अख्ख्या पुस्तकात पन्नास शब्दसुद्धा बदलले नसतील.